न धुतलेलं लुगडं

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. पोरींचं सोडा, पोरंसुद्धा नाहीत. हे मी चार माणसांत अजूनही सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. आईला तर कधीच वाटला नाही. पाटोद्याला दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा ती बाजारात अनोळखी बाईला थांबवून सांगायची, "माझी लेक दूध काचंच्या नळीत घालून बगती. फॅट किती, पानी किती, म्हशीनं काय खाल्लं, समदं तिला कळतं."

म्हशीनं काय खाल्लं ते मला कळत नव्हतं. पण तेवढं मी खोडून काढलं नाही.

आईनं मला धार काढायला मात्र शिकवलं नाही. वाडीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या पोरींना धार यायची. मी गोठ्यात जाऊन तिच्याशेजारी बसले की ती म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवल्या टेकवल्या, मागं न बघता म्हणायची, "धार मी काढते. तू जा, पुस्तक घे." एकदा मी हट्टानं सडाला हात घातला तर तिनं मनगटावर चापट मारली. "ही सवय हाताला लागली की सुटत न्हाई. मला कुणी सोडवलं न्हाई, म्हनून मी हितं हाय." माझं पुढं सगळं पोट दुधावर चाललं आणि मला दूध काढता येत नव्हतं, ते असं.

अंबाजोगाईला दुसऱ्या वर्षाला आम्ही बेडकाची पिल्लं पाळली होती. ती शेपटीवाली, माशासारखी वळवळणारी. एका काचपात्रात नुसतं पाणी आणि दुसऱ्यात गळ्याच्या ग्रंथीतलं संप्रेरक, अगदी कणभर. दुसऱ्यातल्या पिल्लांना आधी पाय फुटले, शेपट्या आखूड होत गेल्या आणि नखाएवढे बेडूक तयार झाले. सरांनी सांगितलं, शेपूट तुटून पडत नाही. संप्रेरक नुसता निरोप देतं. मग शेपटीच्या पेशींतलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तिला आतल्या आत विरघळवतात. सुट्टीत घरी आल्यावर मी हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"मंग त्या शेपटीचं काय हुतं?"

"अंगातच जिरते. पाय वाढायला कामी येते."

"म्हंजी वाया जात न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. मी सांगितलेल्या सगळ्या शास्त्रातलं एवढंच तिला पटलं.

तिचं विसरणं कधी सुरू झालं ते आम्हांला नेमकं कळलं नाही. पहिल्यांदा कालवणात मीठ दोनदा पडायला लागलं. मग ती देवळाकडून घरी यायची वाट चुकली. वाडी केवढी, तर हाक मारली की दुसऱ्या टोकाला ऐकू जाते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांच्यासाठी ती ताट वाढून ठेवायला लागली. आणि एका शनिवारी मी पाटोद्याहून आले, पिशवी ठेवली, तर तिनं पदर सावरून मला तांब्याभर पाणी दिलं आणि अदबीनं विचारलं, "तुमी कुन्या गावच्या?"

मी तिला अंबाजोगाईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला आधी विचारलं, शिक्षण काय? मी सांगितलं. मग त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढून नीट समजावलं, एका शिकलेल्या माणसाला समजावतात तसं. त्या दिवशी, तेवढ्या दुःखातसुद्धा, मला बरं वाटलं. मेंदूतल्या पेशी मरत चालल्यात, ते थांबवता येत नाही. एका पेशीचा निरोप दुसरीला नेणारं एक रसायन असतं, ते आधीच कमी झालंय. आणि एक विकर त्या रसायनाचे तुकडे करत असतं. गोळीनं त्या विकराला जरा आवरता येतं, म्हणजे आहे तो निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. एवढंच.

विकरं काय करतात ते मी रोज बघते. दुधाच्या नमुन्यात निळा रंग टाकून ठेवला की दुधातल्या जंतूंची विकरं तो रंग घालवतात. दूध जितकं खराब, तितका निळा रंग लवकर जातो. रांगेतल्या नळ्या एकेक करून पांढऱ्या होताना मला आता आई दिसायची. मनात यायचं, बेडकाला शेपटीच्या बदल्यात पाय तरी मिळतात. हिला काय मिळतंय?

"नवीन गोष्टी आधी जातात," डॉक्टर म्हणाले होते, "जुन्या शेवटी. आणि हातांना जे येतं ते बरेच दिवस राहतं. ते चालू ठेवा."

हातांना येत होती धार. आणि सगळ्या माणसांची नावं गेली तरी आईला म्हैस ओळखू येत होती. लांबून, पाठमोरीसुद्धा. मी आले की मी पाहुणी. भाऊ आला की "ह्यो कोन बाप्या?" म्हशीजवळ गेली की मात्र तिच्या तोंडाला शब्द सापडायचे. "आगं बाई, माशा लई झाल्या का? शेपूट हाल की मग, कशाला दिलीय ती?" म्हैस दावणीला आहे तोवर आईला सकाळ आणि संध्याकाळ होती. म्हैस गेली तर तिच्याकडे काही उरणार नव्हतं, हे मला डॉक्टरांच्या कागदाशिवाय कळत होतं.

त्या वर्षी दुसरा पावसाळाही कोरडा गेला होता. गावच्या दूध संस्थेनं गायरानात छावणी उघडली, तेव्हा आमची म्हैस तिथं नेली. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, चाऱ्याला ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, टँकर आला की सगळ्या माना एकदम वळायच्या. आई दिवसभर म्हशीपाशी दगडावर बसायची, अंधार पडायच्या आत माझी भावजय तिला हाताला धरून घरी आणायची. म्हशीची वगार, तिची दूधपिती पारडी, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मेली. भावानं ती ओढत छावणीबाहेर नेली, म्हशीच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून तो जवळ गेला की म्हैस डोळे पांढरे करायची. पान्हवायची ती फक्त आईच्या हाताला.

आणि आई पडली. पाण्याच्या हौदाजवळ चिखल होता, तिथं पाय सरकला, उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. ती थोड्या थोड्या वेळानं हाताकडे बघून विचारायची, "हे कुनी लिपलं?"

मी सुट्टी टाकून आले तेव्हा भाऊ छावणीत रिकामी बादली घेऊन उभा होता.

"आक्का, म्हैस दूध चोरायली," तो म्हणाला. "काल थेंब दिला न्हाई. आजबी न्हाई. असंच चाललं तर आटंल. आन् आटली तर मी काय करू सांग? इकावी लागंल. येनाऱ्या बाजारी न्हेतो."

"विकायची नाही."

"तुला पाटोद्यात बसून म्हनाया काय जातंय? पानी मी वाहतो, वाढं मी आनतो."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या खांद्याची कातडी कावडीनं सोलली होती. पण मी आईकडे बोट दाखवलं. ती दगडावर बसून डाव्या हातानं म्हशीच्या गुडघ्यावरचं शेण खरवडत होती. त्यानं बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"मग सुई टोचू का?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्यो एकजण फिरतो बाटल्या घेऊन. टोचली की धो धो सोडती म्हनं."

तेव्हा मी त्याला दावणीपाशीच बसवून सांगितलं. म्हशीचं दूध कासेत तयार असतं, पण मुठीनं पिळून ते येत नाही. माया लागली, ओळखीचा हात, ओळखीचा वास मिळाला, की तिच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, ते रक्तातून कासेपर्यंत जातं आणि मग ती पान्हवते. भ्याली की दुसरं संप्रेरक सुटतं, ते दार लावून घेतं. "त्या बाटलीत तेच पान्ह्याचं संप्रेरक आहे. कायद्यानं बंदी आहे असं टोचायला. आणि रोज टोचलं की तिला त्याचीच सवय लागेल, तुझ्या हाताची लागणार नाही. टोचलेलं दूध केंद्रावर आणलंस तर मी भाऊ म्हणून घेणार नाही, आधीच सांगते."

"घ्या," शेजारच्या दावणीचे मामा म्हणाले. ते आमचे नात्यातले नव्हते, पण छावणीत सगळ्यांचे मामा होते. "इतकं शिकून शेवटी काय निघालं, तर म्हशीला माया पायजे. आरं मग आईचं लुगडं नेस की! म्हैस काय तोंड बगती का? लुगडं बगती."

भाऊ लालबुंद झाला. "मी? समद्या छावणीदेखत?"

"मी नेसलोय," मामा म्हणाले. "आमची कारभारीन बाळंतपनाला गेलती, तवा तिचं लुगडं नेसून धार काढली. मिशा पदराखाली झाकून."

"दिलं का दूध?"

"बादलीभर. नंतर कारभारीन आली तर तिलाच लाथ मारायली! ती अजून म्हनती, तुमी म्हशीला काय सांगितलं माज्याबद्दल?"

आमच्या भागात ही रीत जुनी आहे, मला ऐकून माहीत होती. आणि विचार केला तर शास्त्रातही बसत होती. मी म्हटलं, "मी नेसते."

भाऊ हसला. "आक्का, तुला धार येती का?"

येत नव्हती. म्हणून मी पाटोद्याला एक फेरी मारली. प्रयोगशाळेतला रबरी हातमोजा पाण्यानं भरला, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली, खुंटीला टांगला आणि दार लावून सराव केला. वर अंगठा आणि पहिलं बोट आवळायचं, मग एकेक बोट खाली मिटत न्यायचं. तेच पाणी पातेल्यात धरून परत परत भरत होते. मोजा मला बऱ्यापैकी दूध द्यायला लागला.

मग मी परत येऊन आईचं खुंटीवरचं लुगडं घेतलं आणि धुतलं.

हे मी का केलं, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. गावोगावच्या संस्थांत जाऊन मीच सांगत असते: धारेला बसताना कपडे धुतलेले, हात धुतलेले, भांडं घासलेलं. लुगड्याला शेण, पेंड, मिसरी, सगळ्याचे डाग होते. अर्ध्या घागरीत, साबणाची पूड टाकून, स्वच्छ धुतलं. सकाळी भावजयीनं मला नऊवारी नेसवलं. हसण्यानं तिच्या हातातून काष्टा दोनदा सुटला. छावणीत गेले तर पोक्त बायाबापड्यांनीही तोंडाला पदर लावले.

म्हशीनं एकदा नाक पुढं केलं, फुसकन श्वास सोडला आणि मागचा पाय असा उडवला की बादली मामांच्या दावणीत जाऊन पडली.

"आली ग आली, डेरीची मॅडम आली!" मामा बादली परत देताना म्हणाले. मग त्यांनी पदराचं टोक हातात घेऊन हुंगलं. "आगं बाई, ह्याला तर दुकानाचा वास येतोय."

भाऊ ओरडलाच, "आक्का! प्यायच्या पान्यात लुगडं धुतलंस? आन् तेबी वासाचं?"

मी तशीच मटकन खाली बसले. पदवी माझी, संप्रेरकाचं व्याख्यान माझं, आणि म्हशीला जो निरोप पोचायचा होता तोच मी साबणानं धुऊन काढला होता. मला हसू आलं, आणि आता दुसरं लुगडं कुठून आणायचं याचं रडूही आलं. आईच्या अंगावर होतं, ते एकच उरलं होतं.

त्या संध्याकाळी मी आईला माझी धुतलेली साडी नेसवली आणि तिच्या अंगावरचं लुगडं उतरवून घेतलं. ती मुकाट्यानं हात वर करून उभी राहिली. लुगडं ऊबदार होतं. त्याला धुराचा, सरकीच्या पेंडीचा, मिसरीचा आणि तिचा वास होता. मी ते घडी घालून डब्यात झाकून ठेवलं, नमुना ठेवतात तसं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी ते नेसून म्हशीजवळ गेले. बोलले नाही, कारण आवाज माझा होता. आईसारखं कपाळ तिच्या पोटाला टेकवलं. म्हशीनं मान वळवून पदर हुंगला, खांदा हुंगला. कान खाली पडले. तिनं रवंथ सुरू केलं. बराच वेळ तसाच गेला. मग माझ्या हाताखाली कास भरत, ताठत आली. पुस्तकात वाचलेलं आयुष्यात पहिल्यांदा तळहाताला कळलं.

"पान्हवली," मामा कुजबुजले.

मी मूठ आवळली. मोज्यासारखी आवळली, आणि धार माझ्याच पायावर गेली. दुसरी आलीच नाही. म्हशीनं पाय उचलला. आता ही परत चोरणार, असं वाटलं.

मागं दगडावर आई बसली होती. ती उठून आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे तिनं बघितलंच नाही. पदराकडे बघितलं, पाठीकडे बघितलं आणि एकदम हलक्या, पोरीच्या आवाजात म्हणाली, "माय."

मी तिच्याकडे वळले. एरवी अशा वेळी मी लगेच सांगायची, आई, मी तुझी लेक आहे. दर वेळी सांगायची. त्यावर ती "व्हय का?" म्हणायची, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात तसं. ते शब्द माझ्या ओठांवर आले होते.

"माय, अशी न्हाई," ती म्हणाली. "तूच तर शिकवलंस की. ईसरलीस व्हय?" आणि तिनं डावा हात माझ्या हातावर ठेवला. प्लास्टरचा हात मांडीवर, आणि डाव्या हाताची बोटं माझ्या बोटांवर, वरून खाली, एकेक मिटत. बादलीच्या तळाला पहिली धार वाजली. मग दुसरी. मग तो आवाज खोल होत गेला.

"विसरले होते," मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंस."

धार संपल्यावर तिनं बादलीकडे बघत बोट तोंडात घातलं. "माय, फेस दे की." कच्चं दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, हे मी माझ्या भाषणात दोनदा सांगते. मी ओंजळीनं वरचा फेस काढून तिला दिला. तिच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी आली आणि मामा तोंड फिरवून आपल्या दावणीत वाढं टाकायला लागले.

मी रजा वाढवून घेतली. सकाळ-संध्याकाळ ते लुगडं नेसायची, धार काढून उतरवून परत डब्यात. आईचं प्लास्टर निघेपर्यंत लुगड्याला पाणी लागू दिलं नाही. केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी मला घाण वास येतो म्हणून नाक मुरडलं असतं, पण केंद्रावर जातंय कोण! दूध वाढलं. भावानं बाजाराचं नाव काढणं सोडलं. एका सकाळी तो म्हशीपुढं ताजं वाढं टाकून नुसता उभा राहिला, आणि म्हशीनं त्याच्याकडे पाहून डोळे पांढरे केले नाहीत. "बग," तो म्हणाला, "मलाबी माया लागली वाटतं हिची." लुगडं मात्र तो शेवटपर्यंत नेसला नाही.

लुगडं उतरवलं की मी परत कुठल्याशा गावची पाहुणी व्हायची. लुगडं नेसलं की माय. मी दोन्हीला ओ द्यायला शिकले.

उन्हामुळं सकाळची शाळा होती. छावणीच्या कडेनं रस्ता जायचा, आणि आम्ही धारेला बसलो की पोरी दप्तरं घेऊन जायच्या. आई त्यांच्याकडे बघत बसायची. एक दिवस तिनं माझा पदर ओढला.

"माय."

"काय गं?"

"त्या पोरी साळंत चालल्या. मलाबी घाल की साळंत."

माझे हात सडावरच थांबले. मग म्हैस हलू नये म्हणून मी ते परत चालू केले.

"घालते," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं."

ती विचारात पडली. बादलीकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं, स्वतःच्या लिपलेल्या हाताकडे बघितलं. "मंग धार कोन काढंल?"

"धार मी काढते," मी म्हटलं. "तू जा, पुस्तक घे."

पोरी लांब गेल्या, वळणावर दिसेनाशा झाल्या. आई उठली नाही. तिनं माझ्या खांद्याला, त्या लुगड्याला डोकं टेकवलं.

"उद्या जाते," ती म्हणाली. "आज तुज्यापाशी बसते."